नाजूकचा सूर

बेल वाजायच्या आधीच नाजूकचा सूर चढला होता.

हा क्रम मी सुरुवातीलाच सांगून ठेवते, कारण पुढे प्रत्येकाने तो उलटा लावून पाहिला. प्रयोगशाळेतल्या मॅडम म्हणाल्या, आधी बेल वाजली असणार, तू दचकलीस, टेबलाला धक्का लागला, म्हणून यंत्र ओरडलं. आई म्हणाली, तुझं लक्षच नसेल. पण माझं लक्ष होतं. लक्ष ठेवण्याचाच मला पगार मिळतो. आधी सूर चढला. मग जिन्यात पावलं वाजली. मग बेल.

दार उघडलं, तर समोर एक उंच मुलगा उभा. बाहेर दुपारभर पाऊस रेंगाळत होता आणि याच्या केसांतून पाणी गळत होतं. पण अंगातला कोट मात्र त्याने काढून हातातल्या गाठोड्याभोवती गुंडाळला होता. तान्ह्या बाळाला घ्यावं तसं ते गाठोडं त्याने छातीशी धरलं होतं.

"मायक्रोस्कोप आहे ना इथे?"

"आहे. पण –"

"एक पंजा दाखवायचा होता."

"कुणाचा?"

"अस्वलाचा." तो ओशाळून हसला. "घाबरू नका. ते बिचारं केव्हाच गेलंय."

रस्त्यापलीकडच्या वस्तुसंग्रहालयात जुन्या प्राण्यांची डागडुजी करायला त्याला बोलावलं होतं. तिथल्या मोठ्या अस्वलाची कातडी कोरड्या हवेतही पाझरायला लागली होती आणि त्याच्याकडचं भिंग त्याला पुरत नव्हतं.

"म्हणजे तुम्ही नक्की काय करता?" मी विचारलं.

"पेंढा भरतो. जनावरांत."

"आणि माणसांत कोण भरतं?"

"ते काम शाळा करते ना." तो आत आला, आणि मान तिरकी करून ऐकायला लागला. "हे काय वाजतंय?"

इन्क्युबेटरमधून एक उंच, सरळ, गोड सूर येत होता. आतल्या त्या वाटीतून तसा सूर मी कधीच ऐकला नव्हता.

"काही नाही," मी म्हणाले. "बिघडलंय."

*

आमच्या प्रयोगशाळेत त्वचा वाढवतात. कुणीतरी दिलेल्या मसुराच्या दाण्याएवढ्या तुकड्यातून पेशी वेगळ्या काढायच्या, बारीक जाळीवर पसरायच्या, खालून त्यांना खाऊ घालायचं, वरून हवा लागू द्यायची. काही आठवड्यांनी काचेच्या वाटीत बोटाच्या पेराएवढी त्वचा तयार होते. खरीखुरी, थरांची. तिला रक्त नसतं, नस नसते, कान नसतात. मग तिच्यावर थेंबाथेंबाने रसायनं टाकायची – साबणातली, रंगातली, अत्तरातली – आणि बघायचं, कुठलं रसायन तिची वीण उसवतं आणि कुठलं घट्ट करतं.

ही वीण प्रथिनांची असते. क्लॉडिन नावाचं प्रथिन शेजारशेजारच्या पेशींना टाके घालतं. फिलॅग्रिन वरचा थर बांधून ठेवतं, ओल धरून ठेवतं. टाके धड असतील तर बाहेरचं बाहेर राहतं. ते तपासायला त्वचेतून अगदी क्षीण वीज सोडतात. घट्ट त्वचा ती अडवते, उसवलेली जाऊ देते. आकड्यांकडे टक लावून डोळे दुखतात म्हणून मॅडमनी यंत्राला एक छोटा स्पीकर जोडून घेतला होता. वीज जितकी जास्त अडेल तितका सूर वर.

तेव्हा इन्क्युबेटरच्या उबदार पेटीत दोन वाट्या होत्या, प्रत्येकीच्या तारेला एकेक सूर. एकीचं नाव दांडगी. तिचा आवाज शिट्टीसारखा, जराही न हलणारा. दुसरी नाजूक. तिचा आवाज खाली, घोगरा, मध्येच फाटणारा – सर्दी झालेल्या म्हातारीने अंगाई म्हणावी तसा. तिच्या पेशींत फिलॅग्रिन जन्मतःच कमी. तिचे टाके कधी नीट बसलेच नव्हते.

नाजूक माझी होती. म्हणजे मीच. नोकरीला लागले तेव्हा मॅडमनी माझ्या दंडाच्या आतल्या बाजूने तो दाणा काढून घेतला होता. "एवढी सुंदर वाईट त्वचा शोधूनही मिळायची नाही," असं म्हणाल्या होत्या, आणि तो त्यांच्या तोंडचा सगळ्यात मोठा गौरव होता. आम्हा दोघींशिवाय हे कुणाला ठाऊक नव्हतं.

लहानपणापासून माझी त्वचा सगळ्यांना आत घेते. लोकर, पराग, धूळ, दुसऱ्याच्या हाताला लागलेला साबण. एकदा वर्गातल्या मैत्रिणीने नुसता हात धरला – तिने रंगकामाचा ब्रश धुतला होता – आणि मी दवाखान्यात आठवडाभर कापसात गुंडाळून पडले होते. त्यानंतर हातांत हात घालून खेळायचे सगळे खेळ मी पायरीवर बसून पाहिले. पांढरे सुती हातमोजे म्हणजे माझी खरी त्वचा. आईसुद्धा मला धरायच्या आधी साध्या पाण्याने हात धुऊन, पुसून, वाळवून येते.

आणि आता हा दारात उभा होता. नखं तपकिरी, बोटांना कसल्यातरी औषधाचा वास, उजव्या अंगठ्यावर तिरपा जुना वण. त्या वणाने अंगठ्यावरच्या रेघांचं चक्र मधोमध कापलेलं.

"हे चामडं कापताना," माझी नजर पाहून तो म्हणाला. "मीही थोडा जनावर आहे, हे विसरलो होतो."

*

दुसऱ्या दिवशी तो आभार मानायला आला. तिसऱ्या दिवशी पंजा विसरला म्हणून. मग रोजच काही ना काही विसरायला लागला. आणि प्रत्येक वेळी तो जिना चढायच्या आधी नाजूकचा घोगरा आवाज निवळायचा, उंच व्हायचा, काचेवरून ओलं बोट फिरवल्यासारखा लांब वाजत राहायचा. तो गेला की हळूहळू खाली यायचा आणि पुन्हा फाटायचा.

मला भीती वाटायला लागली. पेटीचं दार बंद, आत अंधार, शरीराएवढी ऊब. त्या अंधारात माझाच एक तुकडा पडलेला आहे, त्याला कान नाहीत, आणि तो ऐकतोय...

मॅडमना भीती वगैरे वाटत नाही. त्यांना उत्सुकता वाटते.

"अगं, सरळ आहे," त्या चष्मा पुसत म्हणाल्या. "त्याच्या अंगावर काहीतरी आहे. हवेतून पसरणारं. ते टाके घट्ट करतंय. आपण इतकी वर्षं हेच तर शोधतोय! तो मुलगा म्हणजे चालतीबोलती औषधाची बाटली आहे. जा, नमुने आण."

"कसले?"

"सगळे. साबण, गोंद, मेण, एप्रन. केसांचं तेल. लाजतेस काय? शास्त्र आहे ते."

तेव्हा मी संग्रहालयात गेले. आत उंच छताचं दालन, खिडक्यांना मळके पडदे, आणि भिंतींच्या कडेने काचेचे डोळे लावलेले प्राणी. कोल्हा, हरणं, एक म्हातारा सिंह. सगळे दाराकडेच बघत होते. मधोमध शिडीवर तो बसला होता आणि त्या प्रचंड अस्वलाच्या मानेत वाकडी सुई घालून टाके घेत होता.

"तुमचा एप्रन हवाय," मी म्हणाले.

त्याने सुई थांबवली. "लोक ओळख वाढली की फोन नंबर मागतात."

"तो नंतर. आधी एप्रन, साबण, गोंद आणि मेण."

"आणि मी?"

"तुमचा नमुना घ्यायचा की नाही, ते अजून ठरलेलं नाही."

तो हसत खाली उतरला आणि एकेक वस्तू माझ्या पिशवीत टाकत गेला. मी त्याला आमचं काम समजावलं – दोन पेशी, मधला टाका, उसवणं, घट्ट होणं.

"म्हणजे आपला धंदा एकच," शेवटी तो म्हणाला. "मी मेलेल्यांची कातडी शिवतो, तुम्ही जन्मालाच न आलेल्यांची. ती घोगरी कोण आहे? नाजूक. ती कुणाची?"

"आहे एक मुलगी."

"कशी आहे?"

"घाबरट."

"आणि दिसायला?"

"हातमोजे घातलेली."

हे तोंडातून गेलं कसं, मला कळलं नाही. मी घाईघाईने पिशवी बंद केली. त्याने ऐकलं की नाही, तेही कळलं नाही. तो अस्वलाकडे बघत होता.

"एक गंमत दाखवू? घाबरणार नसाल तर."

"मी शास्त्रातली आहे."

"म्हणूनच विचारतोय. तुम्ही यायच्या जरा आधी मी याच्या मानेवरचे केस खाली विंचरले होते. आता बघा."

अस्वलाच्या मानेवरचे जाड काळे केस दाराच्या दिशेला, म्हणजे माझ्या दिशेला वळून उभे होते.

"दमट हवा," मी म्हणाले. "मी दार उघडलं, बाहेरची ओल आत आली. केस ओल शोषतात."

"बरोबर," तो मान डोलवत म्हणाला. "मी उघडतो तेव्हा मात्र शोषत नाहीत."

हात लावून पाहायला मी पुढे झाले, तर तो एकदम मध्ये आला. पहिल्यांदाच त्याचा आवाज कडक झाला. "नको! पूर्वी कातड्याला सोमल चोळायचे, किडा लागू नये म्हणून. याला तर आंघोळच घातलीय सोमलाची. ते जहर माझ्या बोटांत मुरलंय. मला काही होत नाही, पण तुम्ही लांब राहा. माझ्यापासूनसुद्धा."

"तुम्ही हातमोजे का नाही घालत?"

"घातले की टाका कळत नाही." त्याने माझ्या पांढऱ्या हातांकडे पाहिलं. "तुम्हाला कळतो?"

या प्रश्नाचं उत्तर मी बाहेर रस्त्यावर आल्यावर दिलं. मनातल्या मनात. नाही कळत.

*

साबणाने काही झालं नाही. गोंदाने नाही, मेणाने नाही, एप्रनच्या चिंधीनेही नाही. नाजूक आपली घोगऱ्या आवाजात कुरकुरत राहिली. आणि तो आला की, काही न टाकता, गायला लागायची.

"हात राहिले," मॅडम म्हणाल्या. "त्याचे हात स्वच्छ पाण्याने धुऊन ते पाणी गोळा कर. पण दांडगीवर टाक हं, नाजूकवर नको. सोमल, तुरटी, काय काय असेल त्यात. नाजूकची या खेपेची शेवटची वाटी आहे ती. एका थेंबात चाळण होईल तिची."

मॅडम त्यांच्या खोलीत फोनवर बोलत होत्या. मी दोन्ही वाट्या पेटीतून काढून टेबलावर ठेवल्या; तारा जोडलेल्याच होत्या. त्याने तसराळ्यावर हात धरले आणि मी वरून पाण्याची धार सोडली.

"इतकं जपून तर माझ्या आईनेसुद्धा धुतले नसतील," तो म्हणाला.

"बोलू नका. थुंकी उडते."

"बरं." मी धार दुसऱ्या हातावर वळवली. "बघू तर शकतो ना? त्याने काही उडत नाही."

मी वर पाहिलं नाही. पण कान गरम झाले होते आणि ते त्याला दिसत होते, हे मला ठाऊक होतं. मी पिपेट उचललं, पाणी भरून घेतलं, उजवीकडच्या वाटीत थेंब सोडला... आणि मग आठवलं.

दांडगी नेहमी उजवीकडे असते. पण त्या सकाळी मीच दोन्ही वाट्यांच्या जागा बदलल्या होत्या. तपासणाऱ्याला कुठली वाटी कुठली ते कळू नये म्हणजे मन फसवत नाही, हा आमच्याकडचा नियम. मॅडमना फसवायला म्हणून मी जागा बदलल्या, आणि एक मुलगा माझ्याकडे बघत होता एवढ्यावरून स्वतःच फसले.

ते विष नाजूकवर पडलं होतं. माझ्यावर.

मी सूर फाटायची वाट पाहिली. तो फाटला नाही. चढत गेला – स्वच्छ, उंच, ताणलेल्या तारेसारखा. मी तेच पाणी दांडगीवर टाकलं. तिची शिट्टी बघता बघता खाली घसरली, भरडली, विव्हळायला लागली.

"ही का रडतेय?" त्याने हळूच विचारलं.

"काही नाही. झालं तुमचं काम. जा तुम्ही."

तो जरासा हिरमुसला. गोंद गरम करत ठेवलाय, असं काहीतरी पुटपुटत निघाला. जिन्यात पावलं उतरत गेली, आणि प्रत्येक पायरीबरोबर नाजूकचा सूर एकेक पायरी उतरायला लागला. खालचं दार करकरलं तेव्हा तो फाटला. माझ्या दंडाच्या आत, त्या जुन्या खुणेपाशी, आग झाली.

मी धावत जिन्यात गेले. "अहो! जरा परत या!"

तो दोन दोन पायऱ्या गाळत वर आला. आतून सूर पुन्हा चढलेला ऐकू येत होता. "काय झालं?"

"तुम्ही... छत्री विसरलात."

"मी छत्री आणलीच नव्हती."

"मग आणत जा!" मी म्हणाले. "इथेच उभे राहा. हलू नका." आणि तो दारात उभा असताना मी नाजूक परत परत धुऊन काढली.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. दोन्ही वाट्यांच्या तारा स्वतः तपासल्या. "एका वाटीवरून निष्कर्ष काढायचा नसतो," शेवटी म्हणाल्या. "पण एवढं नक्की, की त्याच्या हातावरचं काहीही औषध नाही. औषध... अगं, माणूस म्हणजे काय रसायन आहे का, बाटलीवर नाव लिहून फडताळात ठेवायला?"

*

अस्वल पुरं झालं. पुढचं काम दुसऱ्या गावच्या संग्रहालयात होतं, दुपारची बस होती, आणि त्याने निरोप पाठवला होता – अस्वल भेटायला बोलावतंय.

दालनात पडदे बाजूला केलेले होते, तरी उजेड मळकाच होता. अस्वल मागच्या पायांवर उभं होतं. त्याचे केस माझ्याकडे वळलेले होते. मी दमट हवेचं नाव काढलं नाही.

"तुम्ही विचारलं होतं ना, नाजूक कुणाची," मी सुरुवात केली.

"मी विचारलं होतं. पण मला तेव्हाच माहीत होतं."

"कसं?"

"एप्रन न्यायला आलात तेव्हा बाही वर सरकली होती. दंडाच्या आत एक खूण आहे. गोल, एकसारखी." तो अगदी हळू बोलत होता. "माझा धंदाच तो. लागलेल्याची खूण वेगळी असते, मागून घेतलेल्याची वेगळी. इथून कुणीतरी विचारून घेतलंय, असं दिसत होतं."

मी बाही खाली ओढली. "मग तुम्हाला हेही कळलं असेल की ती का गाते."

"यंत्र बिघडलंय म्हणून," तो म्हणाला, आणि हसला नाही. "मी राहू का इथे? काम काय, कुठेही मिळेल. तुम्ही म्हणालात तर राहतो."

बाहेर कुणीतरी त्याची पेटी गाडीवर चढवत होतं. मला आई दिसली, माझे हात कापसात गुंडाळणारी. मला ती दांडगी दिसली, एका थेंबात विव्हळणारी. कुणाबरोबर राहणं म्हणजे लांबून बघणं नव्हे. हात धरणं, ताटाला ताट लावून जेवणं, त्याच टॉवेलला तोंड पुसणं. ही बोटं रोज जहरातून बाहेर येणार.

"वाटीत झालं म्हणून माझ्यावर होईलच असं नाही," मी म्हणाले. "तुम्ही हात लावलात आणि मी..."

"बरोबर आहे," तो म्हणाला. एवढंच. वाद घातला असता तर बरं झालं असतं. त्याने कोट उचलला, अस्वलाला थोपटलं आणि दाराकडे वळला.

"थांबा."

मी उजवा हातमोजा काढला. हवा तळहाताला लागली, एवढ्यानेही तो शहारला. रेघाच रेघा असलेला, पांढरा, आईशिवाय कुणी न पाहिलेला हात.

त्याचा चेहरा उतरला. "थांबा, मी हात धुऊन येतो."

"नको. मग मला कधीच कळणार नाही."

"वेडी आहेस का तू?" घाबरून त्याच्या तोंडून 'तू' निघून गेलं.

"असेन. धर."

त्याने धरला. आधी बोटांची टोकं, मग सगळा हात, आणि तळव्याच्या मधोमध त्याचा तो वण असलेला अंगठा टेकला. आग होईल म्हणून मी डोळे मिटून घेतले. आग झाली नाही. ऊब आली, मग मुंग्या, मग आत कुठेतरी खोल एकेक टाका ओढला जाऊन गाठ बसल्यासारखं... भोवती ते सगळे काचेचे डोळे, आणि इतकी शांतता, की अस्वलानेही श्वास रोखून धरलाय असं वाटलं.

गाडीवाल्याने बाहेरून हाक मारली. हात सुटला. मी काहीच बोलू शकले नाही. बोलायला लागले असते तर रडले असते. माझं गप्प राहणं त्याने 'नको' असं वाचलं असावं. तो गेला.

संध्याकाळी आईने दिव्याखाली माझा तळवा उलटसुलट करून पाहिला. "लाल नाही. फोड नाही. कुणाचा हात धरलास?"

"अस्वलाचा."

आईने माझ्याकडे नीट पाहिलं. "बरं दिसतंय अस्वल," ती म्हणाली. "मग रडतेस कशाला?"

*

सकाळी प्रयोगशाळेत गेले, तर नाजूक इतकी खाली वाजत होती की ऐकू येण्यापेक्षा टेबलाला हात लावूनच जाणवत होती. मी वाटी काढून मायक्रोस्कोपखाली ठेवली. आणि तशीच बसून राहिले.

वाटीत वाढवलेली त्वचा सपाट असते. तिच्यावर रेघा नसतात. रेघा यायला हाड लागतं, बोट लागतं, गर्भातले महिने लागतात. नाजूकवर रेघा होत्या. एकात एक गोल फिरणाऱ्या, बारीक, नीट आखलेल्या. एक पुरतं चक्र. आणि मधोमध, तिरपा, त्याला कापत गेलेला वण.

"मॅडम," मी हाक मारली.

त्या आल्या, वाकून पाहिलं. सरळ झाल्या, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "कुणी बोट घातलं यात?"

"कुणीच नाही. पेटी बंद होती."

"ठसा दाबून उठलेला नाही हा," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "खालून आलाय. वाढलाय."

मी माझा तळवा पाहिला. तिथे काहीच नव्हतं. तो काल कुणाच्या हातात होता, हे फक्त मला आणि या वाटीला ठाऊक होतं. आणि सांगायला मी उशीर केला होता. तो आतापर्यंत दुसऱ्या गावी पोचला असेल. नवीन दालन, नवीन काचेचे डोळे. मी वाटी परत पेटीत ठेवली, तारा जोडल्या, दार लावलं.

सूर हलला.

आधी वाटलं, दार आपटल्याने. पण तो फाटलेला आवाज सावकाश जुळत होता. घोगरेपणा गेला. वर आला. अजून वर. दांडगीच्या जागी ठेवलेली नवी वाटी मुकाट होती. एकटी नाजूक सगळी खोली भरून गात होती, आणि माझ्या अंगावर, दंडापासून बोटांपर्यंत, काटा सरसरत गेला.

"परत बिघडलं का गं ते?" मॅडम म्हणाल्या.

"नाही मॅडम," मी म्हणाले. "तो येतोय."

मग जिन्यात पावलं वाजली. मग बेल.

दार उघडलं. तोच कोट, तेच भिजलेले केस, रात्रभर न झोपलेले डोळे. त्याने काही न बोलता उजवा अंगठा माझ्यापुढे धरला. तो गुळगुळीत होता. एक रेघ नव्हती त्याच्यावर. वणसुद्धा नव्हता. नव्या मेणबत्तीसारखा कोरा.

"पहाटे सुई धरायला गेलो, तर सटकली," तो म्हणाला. ओठ थरथरत होते, तरी हसत होता. "माझं काहीतरी राहिलंय तुझ्याकडे."

"राहिलंय," मी म्हणाले. "नीट आहे. न्यायला आलास?"

आतून नाजूकचा सूर इतका वर गेला, की मॅडमनी जाऊन आवाज बंद केला. तरी तो मला ऐकू येतच होता.

"नाही," तो म्हणाला. "ते राहू दे. मलाही ठेवून घे."

हातमोजे टेबलावरच पडले होते. मी त्याचा हात धरला, आणि त्याला आत घेतलं.